जावरची रौप्य-शिसे खाण : भूशास्त्र, धातुविद्या आणि इतिहास

गोषवारा

राजस्थानातील उदयपूरच्या दक्षिणेस अरवली पर्वतरांगेत वसलेल्या जावर येथील खाणी भारतीय धातुविद्येच्या इतिहासात महत्त्वाच्या मानल्या जातात. मेवाडच्या परंपरेत ही ‘चांदीची खाण’ म्हणून ओळखली जाते, तर आधुनिक अभ्यासकांना ती प्रामुख्याने जस्तनिर्मितीसाठी परिचित आहे. या दोन ओळखींमधील संबंध भूशास्त्र व धातुविद्या यांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य उद्देश आहे. त्याचबरोबर अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या संधिकाळात ही खाण बंद का पडली, या प्रश्नाची चिकित्साही येथे केली आहे. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या कारणांत मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा उल्लेख येत असल्याने मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने या प्रश्नास विशेष महत्त्व आहे.

बीजशब्द : जावर, अरवली, गॅलेना, रौप्य, जस्त, ऊर्ध्वपातन, मेवाड.

१. प्रस्तावना

खाणीचा इतिहास लिहिताना दोन प्रकारची साधने हाताशी असतात. एक लिखित, म्हणजे शिलालेख, बखरी, प्रवासवृत्ते आणि गॅझेटियर. दुसरे भौतिक, म्हणजे खडक, जुने बोगदे, धातुमळीचे ढीग आणि भट्ट्यांचे अवशेष. इतिहासाचा अभ्यासक पहिल्या साधनांवर विसंबतो, भूशास्त्राचा अभ्यासक दुसऱ्या साधनांवर. जावरच्या बाबतीत मात्र यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे ठरत नाही. लिखित साधनांतील किमान दोन महत्त्वाची विधाने खडकाच्या साक्षीशी ताडून पाहिल्याखेरीज त्यांचा अर्थच लागत नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची गरज केवळ तत्त्वतः न मांडता एका प्रत्यक्ष उदाहरणातून दाखवावी, या भूमिकेतून हा विषय निवडला आहे.

२. स्थान व भूरचना

जावर हे ठिकाण उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, टीडी नदीच्या खोऱ्यात आहे. मेवाडी बोलीत डोंगराला ‘मगरा’ म्हणतात. मोचिया मगरा, बारोई मगरा, बलारिया आणि जावरमाला ही येथील खाणींची नावे या डोंगरांवरूनच रूढ झाली आहेत. 

महाराष्ट्राच्या वाचकाला परिचित असलेला दख्खनचा बेसाल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक आहे. थरावर थर रचून तयार झालेल्या या सपाट माथ्याच्या डोंगरांत शिसे-जस्ताची धातुके आढळत नाहीत. अरवलीची घडण याहून पूर्णतः वेगळी आणि कितीतरी प्राचीन आहे. मेवाडच्या पायाभूत पट्टिताश्म संकुलातील सर्वांत जुन्या खडकांचे वय सुमारे ३३० कोटी वर्षे मानले जाते. या पायावर पुढे सागरी द्रोणी निर्माण झाली आणि तीत वाळू, चिखल व कार्बोनेटयुक्त गाळ साचत गेला. या गाळांचे रूपांतर होऊन अनुक्रमे क्वार्टझाइट, फायलाइट आणि डोलोमाइट हे खडक बनले. हाच अरवली महासंघ होय. नंतरच्या गिरिजनक हालचालींत या खडकांना तीव्र घड्या पडल्या व मूळचे आडवे थर जवळजवळ उभे झाले. क्वार्टझाइट व डोलोमाइट हे तुलनेने टिकाऊ असल्याने त्यांचे कणे उभे राहिले, तर मऊ फायलाइट झिजून त्या जागी खोरी निर्माण झाली. 

३. धातुकाची घडण

जावरचे धातुक मुख्यत्वे डोलोमाइटमध्ये आढळते. त्यातील प्रमुख खनिजे म्हणजे स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड), गॅलेना (शिशाचे सल्फाइड) आणि पायराइट (लोहाचे सल्फाइड). जावरला चांदीच्या स्वतंत्र शिरा अशा मिळत नाहीत. चांदी प्रामुख्याने गॅलेनाच्या सोबतीने, अत्यल्प प्रमाणात असते. एकूण धातुकात शिशापेक्षा जस्ताचे प्रमाण अधिक आहे. ही साधी वाटणारी बाब खाणीचा पुढील सर्व इतिहास ठरवणारी आहे.

शिशाच्या समस्थानिकांच्या अभ्यासावरून या धातुकाचे वय सुमारे १७० कोटी वर्षे असल्याचे अनुमान आहे. ते डोलोमाइटचा गाळ साचत असतानाच तयार झाले की खडक घट्ट झाल्यानंतर उष्ण द्रवांनी आणून भेगांत सोडले, याविषयी भूशास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद आहेत. काही ठिकाणी सल्फाइडांचे बारीक पट्टे थरांना समांतर दिसतात. त्यावरून समकालीन निर्मितीला पुष्टी मिळते. उलटपक्षी मोठे धातुकसाठे थरांना छेद देणाऱ्या, एकमेकांच्या बाजूस तिरपे सरकलेल्या उभ्या भिंगांच्या स्वरूपात आहेत. मूळ धातू गाळाबरोबर साचला आणि नंतरच्या घडीकरणात व रूपांतरणात तो हलून भेगांमध्ये एकवटला, अशी दोन्ही निरीक्षणांना सामावून घेणारी मांडणी अधिक समाधानकारक वाटते.

प्राचीन खाणकामगाराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग होता तो पृष्ठभागालगतचा. पावसाचे पाणी व हवा यांच्या संपर्काने सल्फाइडांचे ऑक्सिडीकरण होते. पायराइटमधील लोह तांबूस-तपकिरी गंजाच्या रूपाने माथ्यावर उरते, जस्ताचा मोठा भाग पाण्याबरोबर वाहून जातो, तर शिशाची संयुगे फारशी विद्राव्य नसल्याने जागीच राहतात. साहजिकच वरच्या थरात शिसे तुलनेने अधिक आणि जस्त कमी अशी स्थिती निर्माण होते. डोंगरावरील गंजाचा रंग ही खाणकामगारासाठी खूण होती, आणि त्या खुणेखाली प्रथम हाती लागण्याजोगा धातू शिसे हाच होता.

४. प्राचीन खाणकाम

जावरच्या जुन्या कामांत सापडलेल्या लाकडाच्या किरणोत्सर्गी कार्बन कालमापनावरून तेथील खाणकाम इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत चालू होते, असे सिद्ध झाले आहे. याच पट्ट्यातील राजपुरा-दरीबा येथील कामे त्याहूनही जुनी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत मागे जातात. दरीबा व आगुचा येथे शिसे आणि चांदी यांच्या निर्मितीचे पुरावेही मिळाले आहेत. प्राचीन भारतातील आहत नाण्यांसाठी लागणारी चांदी काही अंशी अरवलीतून आली असावी, हे अनुमान या पार्श्वभूमीवर विचारात घ्यावे लागते.

सुरुंगाची दारू उपलब्ध नसताना कठीण डोलोमाइट फोडण्यासाठी ‘अग्निभेदन’ ही पद्धत वापरली जाई. खडकाच्या तोंडाशी लाकडे रचून आग लावली जाई. उष्णतेने खडकाचा पृष्ठभाग असमान प्रसरण पावून त्याला तडे जात, आणि मग छिन्नी-हातोड्याने तो पाडणे शक्य होई. या पद्धतीने खोदलेल्या पोकळ्यांना कोन नसतात. त्यांचे छत घुमटासारखे गोलाकार असते आणि भिंतींवर काजळी आढळते. जावरमालाच्या जुन्या दालनांत ही लक्षणे स्पष्ट दिसतात. छत कोसळू नये म्हणून मधूनमधून खडकाचेच खांब सोडलेले आहेत. याचा अर्थ असा, की येथील काम हे विखुरलेले खणणे नव्हते. वायुवीजन, पाण्याचा उपसा, लाकडाचा पुरवठा व खडकाचा भार यांचा हिशेब ठेवणारे जाणकार येथे होते.

५. शिशातून चांदी

गॅलेनातून चांदी वेगळी करण्याची प्रक्रिया तीन टप्प्यांची आहे. प्रथम धातुक उघड्यावर भाजून त्यातील गंधक उडवले जाते. दुसऱ्या टप्प्यात कोळशाच्या भट्टीत त्याचे क्षपण करून शिसे मिळवले जाते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याचे क्षपणही तुलनेने कमी तापमानाला होते. या वेळी धातुकातील चांदी शिशात विरघळून त्याच्याबरोबर खाली उतरते. तिसरा टप्पा सर्वांत कौशल्याचा आहे. सच्छिद्र राखेच्या उथळ कुंडात हे शिसे ठेवून त्यावर हवेचा झोत सोडला जातो. शिशाचे ऑक्साइड, म्हणजेच मुरदाडशिंग, तयार होऊन काही भाग राखेत शोषला जातो व काही वरून काढून टाकता येतो. चांदीचे मात्र ऑक्सिडीकरण होत नाही. शेवटी कुंडाच्या तळाशी चांदीचा गोळा तेवढा शिल्लक राहतो. 

कौटिलीय अर्थशास्त्रात अशुद्ध चांदी चतुर्थांश शिसे घालून शुद्ध करावी असे सांगितले आहे. त्यामागील तत्त्व हेच आहे. खाणींवर देखरेख करणाऱ्या ‘आकराध्यक्ष’ या अधिकाऱ्याची कर्तव्येही या ग्रंथात सविस्तर येतात. यावरून चांदी-शिशाची विद्या त्या काळी शासनव्यवहाराचा भाग झाली होती, हे दिसते.

६. चांदीकडून जस्ताकडे

खाण जसजशी खोल गेली तसतसे कामगार ऑक्सिडीकरण झालेल्या थराखालच्या मूळ सल्फाइडांपर्यंत पोहोचले. तेथे जस्त शिशापेक्षा अधिक होते. चांदी-शिसे काढणाऱ्याच्या दृष्टीने ही अडचण होती, कारण जस्ताचे वर्तन शिशाच्या नेमके उलट आहे. जस्ताच्या ऑक्साइडचे कोळशाने क्षपण होण्यास सुमारे १००० अंश तापमान लागते, परंतु जस्त ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे भट्टीत जस्त तयार होते ते वायुरूपातच. उघड्या भट्टीत ही वाफ हवेशी संयोग पावून पांढऱ्या भुकटीच्या रूपाने उडून जाते. शिसे तळाशी सापडते, जस्त धुराड्यातून निसटते. हजारो वर्षे माणसाने जस्ताचे मिश्रण असलेले पितळ वापरले तरी शुद्ध जस्त त्याच्या हाती आले नाही, त्याचे कारण हेच होय.

जावरच्या कारागिरांनी या अडचणीवर काढलेला मार्ग १९८३ साली झालेल्या उत्खननातून प्रकाशात आला. ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक लिमिटेड यांच्या संयुक्त संशोधनात येथे बकपात्रांसह भट्ट्यांचे अवशेष मिळाले. मातीच्या लांबट, वांग्याच्या आकाराच्या पात्रात भाजलेले धातुक, डोलोमाइट व सेंद्रिय द्रव्ये यांच्या गोळ्या भरीत. पात्राच्या तोंडाला मातीची निमुळती नळी बसवीत आणि त्यातून एक काडी आत खोचीत. मग पात्र उलटे करून सच्छिद्र जाळीवर ठेवीत. काडीमुळे गोळ्या खाली पडत नसत. तापल्यावर ती जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. जाळीच्या वरच्या कोठीत आग असे, तर खालच्या थंड कोठीत वाफ उतरून जस्ताचे थेंब साचत. एका भट्टीत सहा गुणिले सहा अशी ३६ पात्रे आणि अशा सात भट्ट्या एका रांगेत असत. म्हणजे एका वेळी २५२ पात्रे तापत. 

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात ‘वृन्ताक मूषा’, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, आणि तिच्यातून अधोमुख पद्धतीने जस्तसदृश सत्त्व काढण्याची कृती दिलेली आहे. मराठीत सोनार आजही ज्या भांड्यात धातू वितळवतो तिला ‘मूस’च म्हणतो. रसशास्त्राच्या ग्रंथातील कृती प्रयोगशाळेच्या प्रमाणावरील आहे. जावरला तिचे कारखान्याच्या प्रमाणावर रूपांतर झाले. हा बदल बाराव्या ते चौदाव्या शतकाच्या दरम्यान झाला असावा. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन याने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे एकस्व घेतले ते १७३८ साली, आणि त्याच्या पद्धतीतही वाफ खालच्या दिशेनेच उतरवली जात असे. १९८८ साली अमेरिकेतील ‘एएसएम इंटरनॅशनल’ या संस्थेने जावरला धातुविद्येतील ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली.

अशा रीतीने ‘चांदीची खाण’ आणि ‘जस्ताची खाण’ या दोन भिन्न खाणी नसून एकाच धातुकसाठ्याच्या दोन पातळ्या आहेत. वरच्या पातळीने चांदी-शिसे दिले. खालच्या पातळीने जस्ताचा प्रश्न उभा केला, आणि तो सोडवणाऱ्यांनी जावरला नवे जीवन दिले.

७. लिखित साधने व त्यांची चिकित्सा

गुहिल राजा शिलादित्य याच्या काळातील, इ. स. ६४६ च्या सामोली शिलालेखात जेंतक नावाच्या महत्तराने अरण्यकूपगिरी येथे आगर, म्हणजे खाण, सुरू केल्याचा व अरण्यवासिनी देवीचे मंदिर बांधल्याचा उल्लेख येतो. काही अभ्यासकांनी हे ठिकाण जावरच असल्याचे मत मांडले आहे. पंधराव्या शतकात मात्र जावरच्या समृद्धीविषयी शंका उरत नाही. येथील जैन मंदिरे, जावरमातेचे मंदिर आणि महाराणा कुंभाची कन्या रमाबाई हिने बांधलेले मंदिर व कुंड ही तिची साक्ष देतात. रमाबाईचा शिलालेख वि. सं. १५५४ चा, म्हणजे इ. स. १४९७ च्या सुमाराचा आहे.

कर्नल जेम्स टॉड याने १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या राजस्थानच्या इतिहासात महाराणा लाखा (कारकीर्द १३८२ ते १४२१) याच्या काळात जावरला कथील आणि चांदी यांच्या खाणींचा शोध लागल्याचे म्हटले आहे. या एका विधानात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली, लाखाच्या काळात खाणीचा ‘शोध’ लागला नाही. तेथे त्यापूर्वी दीड हजारांहून अधिक वर्षे काम झालेले होते. लाखाने फार तर ती राजाश्रयाखाली पुन्हा सुरू केली. दुसरी, जावरच्या धातुकात कथील निघत नाही. चांदीसारखा दिसणारा तो पांढरा धातू कथील नसून जस्त होता. टॉडच्या ग्रंथातील ‘कथील’ हा शब्द जस्ताविषयीचाच पुरावा आहे, हे खडक पाहिल्यावाचून कळण्याजोगे नाही.

‘ऐन-ए-अकबरी’च्या बाबतीतही असेच म्हणता येईल. अबुल फजलने जस्ताची खाण अजमेर सुभ्यातील ज्या ठिकाणी असल्याचे नोंदवले आहे, त्याचे नाव भाषांतरात ‘जालोर’ असे येते. फारसी लिपीत एखादे अक्षर बदलले की ‘जावर’चे ‘जालोर’ होणे सहज शक्य आहे. प्राचीन जस्तभट्ट्यांचे प्रचंड अवशेष जावरला आहेत, हे लक्षात घेता अभ्यासकांनी येथे ‘जावर’ असा पाठ स्वीकारला आहे. मराठी वाचकांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. मराठ्यांच्या राजस्थान-माळव्यातील व्यवहारात वारंवार येणारे नीमचजवळचे ‘जावद’ हे परगण्याचे ठिकाण वेगळे, आणि खाणीचे ‘जावर’ वेगळे.

८. खाण का बंद पडली?

‘इंपीरियल गॅझेटियर’मधील नोंदीनुसार जावरच्या खाणींपासून १७६६ पर्यंत दरसाल दोन लाख रुपयांहून अधिक उत्पन्न मिळत होते आणि १८१२-१३ च्या दुष्काळानंतर त्या बंद पडल्या. या दोन तारखांमधील सुमारे ४६ वर्षांत नेमके काय घडले, हा खरा प्रश्न आहे.

या काळात मेवाड अंतर्गत कलह व मराठी सरदारांच्या खंडणीच्या मागण्या यांत सापडले होते. १७६९ साली महादजी शिंदे यांनी उदयपूरला वेढा घातला आणि अखेर साठ लाखांहून अधिक रुपयांवर तडजोड झाली. खाण हा दीर्घकाळ भांडवल गुंतवून ठेवण्याचा व्यवसाय आहे. पाण्याचा उपसा आणि लाकडाचा पुरवठा खंडित झाला तर काही महिन्यांतच खोल कामे निरुपयोगी होतात. अशा स्थितीत राजकीय अस्थैर्याचा फटका शेतीपेक्षा खाणीला अधिक बसणे स्वाभाविक होते. मराठ्यांची ही जबाबदारी प्रादेशिक अभिमानापोटी नाकारणे अभ्यासकाला शोभणारे नाही.

तथापि, सर्व दोष मराठ्यांवर टाकणाऱ्या कथनाचीही चिकित्सा आवश्यक आहे. टॉड हा १८१८ च्या तहानंतर मेवाडमध्ये आलेला कंपनीचा राजकीय अधिकारी होता. मराठ्यांच्या काळातील उद्ध्वस्तता जितकी गडद रंगवावी तितकी कंपनीच्या संरक्षणाची आवश्यकता अधोरेखित होत असे. शिवाय तीन अन्य कारणे विचारात घ्यावी लागतात. पहिले म्हणजे दुष्काळ. कुशल कामगार मरण पावले वा परागंदा झाले, की लेखी ग्रंथात न उतरलेले हस्तकौशल्य एका पिढीत लुप्त होते. दुसरे कारण नैसर्गिक. अग्निभेदन, भाजणी आणि भट्टी या तिन्ही टप्प्यांना लाकूड लागते, आणि खोली वाढेल तसा उपशाचा खर्चही वाढतो. तिसरे कारण बाजारपेठेचे. अठराव्या शतकात चिनी जस्त समुद्रमार्गे भारतात येत होते आणि १८२० नंतर सायलेशियाचे जस्तही येथील बाजारात आले. 

या कारणांची संगती अशी लावता येते : राजकीय अस्थैर्याने खाण दुर्बल झाली, दुष्काळाने ती थांबली, आणि स्वस्त आयात धातूमुळे ती पुन्हा उभी राहू शकली नाही. १८१८ नंतर मेवाडमध्ये शांतता प्रस्थापित होऊनही खाण शतकाहून अधिक काळ बंदच राहिली, ही बाब विशेष बोलकी आहे. मराठ्यांचा उपद्रव हेच एकमेव कारण असते, तर तो दूर होताच काम पुन्हा सुरू व्हावयास हवे होते. कॅप्टन ब्रुक याने १८५० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जावरच्या जस्तखाणींवर टिपण प्रसिद्ध केले. ते एका चालू उद्योगाचे वर्णन नसून विस्मरणात चाललेल्या प्रक्रियेची नोंद आहे.

९. पुनरारंभ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिसे-जस्ताची निकड भासू लागल्यावर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जावरकडे पुन्हा लक्ष वळवले. त्यानंतर मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीने येथे आधुनिक खाणकाम सुरू केले. १९६६ साली हिंदुस्थान झिंक लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि खाणी तिच्याकडे आल्या. २००२ साली या कंपनीचे व्यवस्थापन खाजगी उद्योगसमूहाकडे गेले. आधुनिक पूर्वेक्षणात जुन्या कामांनीच मार्गदर्शकाचे काम केले, हे नमूद करावयास हवे. जेथे प्राचीन पोकळ्या होत्या तेथेच खाली धातुक सापडले. 

१०. निष्कर्ष

१. जावरची ‘रौप्यखाण’ ही ओळख पृष्ठभागालगतच्या शिसेप्रधान धातुकावर आणि ‘जस्तखाण’ ही ओळख खालच्या मूळ सल्फाइडांवर आधारलेली आहे. दोन्ही एकाच भूशास्त्रीय घटनेचे परिणाम आहेत.

२. टॉडचे ‘कथील’ आणि ऐन-ए-अकबरीचे ‘जालोर’ ही उदाहरणे दाखवतात, की लिखित साधनांचे पाठ भौतिक पुराव्याने तपासता येतात आणि तपासले पाहिजेत.

३. खाण बंद पडण्यास मराठ्यांची खंडणी हे एक वास्तविक, परंतु एकमेव नसलेले कारण होते. दुष्काळ, इंधन, खोली आणि जागतिक बाजारपेठ यांचा एकत्रित विचार केल्याखेरीज योग्य निर्णय करता येत नाही.

४. जावरच्या परिसरात वापरून टाकलेल्या बकपात्रांचे लाखो टनांचे ढीग आहेत. अनेक जुन्या घरांच्या भिंतीही या पात्रांनीच रचलेल्या आहेत. ज्या कारागिरांनी ही विद्या घडवली त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. त्यांची एकमेव नोंद या ढिगांतच आहे. चालू खाणीच्या विस्तारात किंवा रस्त्याच्या भरावात ती नाहीशी झाली तर तिची पुनर्निर्मिती करता येणार नाही. म्हणून या ढिगांकडे टाकाऊ माल म्हणून न पाहता अभिलेखागार म्हणून पाहणे, आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमात इतिहास, भूशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांनी त्यांचे वाचन एकत्रितपणे करणे आवश्यक आहे.